मेघाचं तोंड बांधलं त्याची गोष्ट

एका राज्यात सुवर्णध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. राजा दानशूर होता, न्यायी होता, पण नाकावर माशी बसू देत नसे. त्याच्या नगराची एक रीत होती. दिवस मावळताना वेशीवर नगारा वाजे, आणि नगारा थांबला की राजा हात वर करीपर्यंत कोणी आवाज करायचा नाही. रीत मोडणाऱ्याला शिक्षाही ठरलेली होती: तीन दिवस तोंड फडक्यानं बांधायचं. लोकांना त्याची सवय झाली होती. माणसाला कशाची सवय होत नाही?

एके दिवशी नगारा थांबला, आणि राजाचा हात वर जाण्याआधीच डोंगरावरचा ढग गडगडला.

"रीत सर्वांना सारखी," राजा म्हणाला. "मेघाचं तोंड बांधा."

कपालकेतू नावाचा मांत्रिक बोलावला गेला. त्यानं तांब्याचा हंडा मांडला, मंत्र म्हटला, आणि गडगडाट ढगातून उतरून हंड्यात जाऊन बसला. हंड्याच्या तोंडावर कातडं चढवायला मात्र मंत्र चालेना, तिथं नगारचीच हवा. राजाचा नगारची तुळाजी. त्यानं ओलं कातडं ताणलं, चामड्याची वादी आवळली, गाठ मारली. राजाज्ञा होती, तो बिचारा काय करणार?

गाठ बसता बसता आतून शाप आला. "ज्यानं माझं तोंड बांधलं त्याची वाचा जावो. त्याच्या अंगी तांबं चढो. तिसऱ्या पौर्णिमेला तो नखशिखांत तांब्याचा होवो."

शाप खरं तर राजाला लागायचा. पण हंड्यात बसलेल्याला बाहेरचा राजा कुठून दिसणार? त्याला कळला तो आवळणारा हात. तुळाजी जागच्या जागी मुका झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पायाची बोटं तांब्याची होती. कपालकेतूनं दक्षिणा म्हणून हंडाच मागितला, काखेत मारला आणि चालता झाला.

त्या दिवसापासून ढगात नुसतंच लखलखू लागलं. आवाज नाही, पाऊस नाही. ढग आतल्या आत इकडे उजळायचा, तिकडे उजळायचा आणि विझायचा. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला पंडित म्हणाला, "मेघ गालातल्या गालात हसतो आहे." दुसरा म्हणाला, "आत देवांची चूल पेटली आहे." तिसरा म्हणाला, "ग्रंथ पाहून सांगतो," आणि जो घरी गेला तो परत आलाच नाही.

तुळाजीची बायको धुरपा दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, शिक्षा तीन दिवसांची. दोन महिने झाले. माझ्या धन्याच्या कमरेपर्यंत तांबं चढलंय. तो हंडा सोडवा."

"मेघाचा एक दिवस आपल्या किती दिवसांचा, याचा निवाडा व्हायचा आहे," राजा म्हणाला.

"निवाडा होईस्तोवर माणूस जाईल की माझा!"

राजानं मान फिरवली. त्याला वाईट वाटलं होतं, पण ते दाखवायची दरबारी रीत नव्हती.

धुरपानं भाकरी बांधून घेतली आणि ती ढगाच्या दिशेनं निघाली. डोंगराच्या पायथ्याशी खडकावर एक टिटवी बसली होती. टिटवी बोलली.

"बाई, वर काय बघतेस?"

"ही मुकी वीज कसली, ते बघते."

"त्यात काय बघायचं? वीज हातात दिवा घेऊन ढगाच्या खोल्या धुंडाळते आहे. तिचा गडगडाट हरवलाय ना! या खोलीत जाते, नसतो. त्या खोलीत जाते, नसतो. तुमच्या पंडितांना एवढंही कळेना?"

धुरपाचे डोळे भरून आले. "मग आम्ही दोघी एकाच दुःखातल्या. हंडा कुठं आहे?"

"मांत्रिकाच्या गुहेत. तीन कामं करावी लागतील. हाकांच्या रानात ओ द्यायची नाही. पुढं नागाची खिंड ओलांडायची. तिसरं काम तो मांत्रिकच सांगेल. चल, मी येते. मला तरी इथं काय उद्योग आहे?"

हाकांच्या रानात झाडं बोलत. धुरपा आत शिरली तशी ती तुळाजीच्या आवाजात बोलू लागली. "धुरपे, अगं थांब. धुरपे, पाणी दे गं." दोन महिने ज्या आवाजासाठी ती झुरली होती, तो चहूबाजूंनी येत होता. ओ दिली असती तर ती झाड होऊन तिथंच उभी राहिली असती. तिच्या आधीची बरीच माणसं तशी उभी होती. तिनं पदराचा बोळा दातांत धरला आणि रडत रडत रान ओलांडलं. खरं सांगायचं तर ती चालली थोडी हळूच. तो आवाज तिला सोडवत नव्हता.

नागाचं काम सोपं निघालं. टिटवीनं एवढा कलकलाट केला की नाग वैतागून बिळात गेला.

गुहेत शंभर हंडे होते. कपालकेतू व्याघ्रचर्मावर बसला होता.

"राज्याराज्यांतून चोरलेले आवाज आहेत हे," तो म्हणाला. "तुझा हंडा ओळख. हात एकदाच लावायचा. चुकलीस तर एकशे एकावा हंडा तू."

सगळे हंडे सारखे, सगळी कातडी सारखी. पण नगारच्याच्या घरी बायको वादी भिजवून धरते आणि नवरा आवळतो. वीस वर्षं धुरपानं वादी धरली होती. तुळाजी डावखुरा होता. त्याची गाठ उलटी पडे, आणि त्यापायी त्यानं बापाची जन्मभर बोलणी खाल्ली होती. त्रेसष्टाव्या हंड्याची गाठ उलटी होती.

"हा," धुरपा म्हणाली आणि तिनं हात ठेवला.

मांत्रिकाचा चेहरा पडला, पण तो वचनात अडकला होता. "सोड मग. गाठ वाळून दगड झाली आहे, दातांनीच सुटेल. आणि कानाशी हे तोंड उघडलं, तर ते कान पुन्हा तुझ्या उपयोगाचे नाहीत."

धुरपानं टिटवीला विचारलं, "तांबं कुठवर आलं असेल गं?"

"गळ्याशी. उद्या पौर्णिमा."

धुरपानं हंड्यावर डोकं टेकलं आणि गाठीला दात लावले.

गडगडाट बाहेर आला. गुहा फुटली, सगळी कातडी फाटली, चोरलेले आवाज आपापल्या घरी उडाले. हाकांच्या रानातली झाडं माणसं होऊन एकमेकांना वाट विचारू लागली. कपालकेतूचं काय झालं ते कोणी पाहिलं नाही आणि कोणी चौकशीही केली नाही. ढगात वीज चमकली, मागोमाग गडगडाट झाला आणि पाऊस कोसळला. राजा भर पावसात वेशीवर येऊन म्हणाला, "मेघ माझी प्रजा नव्हे. चूक माझी." एवढं बोलायला त्याला तीन महिने लागले, पण बोलला. गप्प बसायची रीत त्यानं त्याच दिवशी मोडीत काढली.

गडगडाट मात्र कोंडला गेल्यापासून भटक्या झाला. अजून कधी कधी तो फार लांब जातो, आणि मग वीज ढगात मुकाट्यानं फिरताना दिसते. त्यात भिण्यासारखं काही नाही.

धुरपा घरी पोचली तेव्हा तुळाजी अंगणात उभा होता, हाडामासाच्या पायांवर.

"धुरपे!" त्यानं हाक मारली.

ती पायरीवर चिखलाचे पाय घासत राहिली. त्यानं पुन्हा हाक मारली. शेजारीपाजारी बाहेर आले, तरी ती मान वर करीना. मग त्याला कळलं. तो जो गप्प झाला, तो काही शापानं नव्हे.

धुरपानं वर पाहिलं. त्याचे ओठ हाक मारता मारता उघडेच राहिले होते.

"बोलत होतात होय?" ती म्हणाली. "मग थांबलात कशाला? मला ऐकू येत नाही म्हणून गप्प बसाल तर खबरदार! एवढी पायपीट कशासाठी केली मी? बोला."

तुळाजी बोलू लागला. पाऊस थांबला तरी तो बोलतच होता, आणि धुरपा त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती.