सुटे मणी

"म्हणजे लोक बोलतात ते खरं? तुम्ही वायनरीत गेला होतात?"

भास्कररावांनी पायरीवर चपला काढता काढताच विचारलं. आवाज असा, की जणू बाबांनी कुणाचं घर फोडलं.

दगूबाबा ओट्यावर बसून गवार मोडत होते. मान वर न करता म्हणाले, "गेलो होतो. परवाच."

"तुम्ही? या मठाचे बाबा?"

"मी आणि ही यमुना. रिक्षानं गेलो."

यमुना म्हणजे मी. मठात दोन वेळचा स्वयंपाक करते आणि बाबा कुठं निघाले की पिशवी घेऊन त्यांच्या मागं जाते. अध्यात्म मला कुणी विचारत नाही आणि मीही कुणाला शिकवत नाही. पण त्या दिवशीचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून सांगते.

"आणि तिथं... प्यालात?"

"कलिंगडाचा रस प्यालो. बर्फ फार घातला होता."

"मग गेलात तरी कशाला?"

"द्राक्षं तुडवतात ते बघायला. मोठा टब असतो, माणसं विजारी वर करून आत उतरतात. पुण्याची एक म्हातारी होती, साडी खोचून उतरली. घसरली आणि बसलीच की द्राक्षांत! तिचा म्हातारा काठावर उभा राहून असा हसत होता... मग ती पण हसायला लागली." बाबांना आठवूनच हसू फुटलं. "मी बराच वेळ तिथं उभा होतो."

भास्कररावांना हसू आलं नाही. ते दिंडोरीकडचे मोठे बागायतदार. त्यांची द्राक्षं परदेशात जातात. माणूस निर्व्यसनी, शब्दाचा पक्का, आणि आपण तसे आहोत हे दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याचा चहा गोड होत नसे.

"माझ्या बांधाला लागून वायनरी आहे, बाबा. शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. गाणी काय, फोटो काय! पण मी आजवर त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. हुरड्याला गेलो नाही, जत्रेला गेलो नाही. धरण एवढं जवळ, पण तिथं पाय धुवायलाही गेलो नाही."

"का रे?"

"वेळ कुणाला होता? आणि मौजमजा म्हणजे..." त्यांनी हात झटकला. "माणूस वाया जातो."

"बरं."

"म्हणून तर आलोय. मला दीक्षा द्या. बाग धाकट्या भावाच्या हवाली केली. आता इथंच राहणार. कायमचा."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मी फाटकाकडे पाहिलं. भास्कररावांच्या जीपला टेकून त्यांच्या घरच्या उभ्या होत्या, अलकावहिनी. हातात पिशवी. पिशवीत नवऱ्याची धोतरं, घडी न मोडता रचलेली, कडक इस्त्रीची. माझं तर डोकंच फिरलं. बाई, नवऱ्याला कायमचं मठात सोडायला आलीस, आणि वर त्याच्या धोतरांना इस्त्री करून आणतेस?

"हिला विचारलंस?" बाबांनी विचारलं.

"विचारलं ना. शास्त्रच आहे, बायकोची संमती लागते. तिनं मान हलवली." मग फाटकाकडे बघून मोठ्यानं, "काय गं, हलवलीस ना?"

अलकावहिनींनी पुन्हा मान हलवली.

"आणि ही कुठं राहणार?"

"नाशिकला, लेकीकडे. सगळी सोय लावूनच आलोय. मी कुणाला उघड्यावर टाकणारा माणूस नाही."

"ये गं बाई, इकडे ये," बाबा म्हणाले. त्या आल्या, ओट्याच्या कडेला टेकल्या. "तुला काय वाटतं?"

"यांना समाधान मिळालं म्हणजे झालं."

"मी तुझं विचारलं."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं... आणि सोडलं.

बाबांनी गवारीचं ताट माझ्याकडे सरकवलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले. "दीक्षा देतो की. पण आधी धरणावर जाऊन येऊ."

"आत्ता? कशाला?"

"फिरायला."

"फिरायला!" भास्कररावांचा चेहरा कडू झाला. "बाबा, मी संसार सोडायला आलोय आणि तुम्ही मला सहलीला नेता?"

"दीक्षा घेतल्यावर तू यायचा नाहीस माझ्याबरोबर. यमुने, भाकरी बांध. ठेचा जास्त घे."

गुरूची आज्ञा. करतो काय बिचारा! जीप काढली.

पुढं ते दोघं, मागं आम्ही दोघी. भास्करराव वाटभर बोलत होते. कुणाच्या बागेत पाणी जास्त झालंय, कुणाचे वेल रोगट दिसतात, सगळं जाता जाता सांगत होते. अलकावहिनी मात्र काचेला नाक लावून बसल्या होत्या. वायनरीचं फाटक आलं तशा हळूच मला म्हणाल्या, "आतून कसं असेल हो? माझ्या परसातून नुसते दिवे दिसतात. लग्नघर असल्यासारखे."

"इतक्या वर्षांत गेला नाहीत?"

"एकटी कशी जाणार?"

मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. नाहीतर पुढच्या माणसाला ऐकू जाईल असं काहीतरी माझ्या तोंडून गेलं असतं.

धरणावर आडवार असल्यानं चिटपाखरू नव्हतं. पाणी टम्म भरलेलं, पलीकडं डोंगर, काठाला बाभळीची सावली. एक मोटारबोट दोरीनं बांधून ठेवलेली, आणि बोटवाला तोंडावर टोपी घेऊन आडवा. मी सतरंजी अंथरली. बाबांनी धोतर वर करून पाण्यात पाय सोडले आणि "आहाहा!" असे ओरडले, की बोटवाला दचकून उठून बसला.

भास्करराव उभेच. मग काही आठवल्यासारखं झालं, जीपमधून पुठ्ठ्याची पेटी घेऊन आले. आणून बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"गुरुदक्षिणा. माझ्या बागेतला माल. एकेक घड मी स्वतः निवडलाय. बोट ठेवायला जागा सापडायची नाही."

झाकण उघडलं. खरं सांगते, तसली द्राक्षं मी कधी पाहिली नव्हती. एकसारखे, लांबट, हिरवेगार मणी, वर पांढरट साय तशीच. कागदाच्या गादीवर घड असे निजलेले, की मोठ्यानं बोलू नये असं वाटलं.

"आधी तिला दे," बाबा म्हणाले.

"बाबा, आधी तुम्ही..."

"तिला."

भास्कररावांनी पेटी बायकोपुढं सरकवली. "घे."

अलकावहिनींनी हात पुढं केला. घडांवर नाही. हात घडांच्या खाली गेला, कागदाखाली, पेटीच्या कोपऱ्यात. बोटांनी चाचपलं. रिकामा बाहेर आला. मग दुसऱ्या कोपऱ्यात गेला... तोही रिकामा.

"यात सुटे मणी नाहीत हो," त्या ओशाळून हसल्या. "असू दे. घरी वाडग्यात आहेत माझ्यासाठी."

आमच्याकडची माणसं हे लगेच ओळखतील. बाकीच्यांना सांगायला हवं. द्राक्ष पिकवणाऱ्याच्या घरात घड खात नाहीत. घड गाडीत जातो. तोडताना, निवडताना जे मणी गळतात, चिरतात, ते वाडग्यात पडतात, आणि घर ते खातं. पोरंबाळं त्यावरच वाढतात. कुणी कुणावर जुलूम करत नाही, रीतच आहे ती. पण ही पेटी कुठल्याच गाडीत जायची नव्हती. ती तिच्यासमोर उघडी होती, घे म्हणून सांगितलं होतं, आणि तरी तिचा हात कोपरे धुंडाळत होता.

"अगं, घड उचल ना!" भास्करराव वैतागले. "बाबा सांगतायत आणि तू..."

"घड?"

तिनं घाबरून एक उचलला. देठाला धरून, मण्यांना बोट न लावता, साय पुसली जाऊ नये म्हणून. उन्हाकडे धरला. चारी बाजूंनी फिरवून पाहिला. चेहरा कौतुकानं फुलला होता.

"छान आलाय," ती म्हणाली.

आणि होता तसा, अलगद, पेटीत ठेवून दिला.

भास्कररावांचं तोंड उघडं होतं ते मिटलं. ते पेटीकडे बघत होते, मग तिच्या हाताकडे. छाटणी करून करून त्या बोटांना घट्टे पडले होते. मलाही ते तेव्हाच दिसले.

"अलका... तू आपल्या बागेतला घड कधी खाल्ला नाहीस?"

"नाही." तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "तुम्ही तरी कुठं खाल्लाय?"

एवढा बोलका माणूस, पण मटकन सतरंजीवर बसला. मग त्यानं तोच घड उचलला आणि एक लहानसा झुबका मोडला.

"अहो! अहो, मोडला ना घड!"

"मोडू दे." त्यानं झुबका तिच्या तळहातावर ठेवला. "खा."

तिनं एक मणी तोडला. तोंडात टाकला. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडं बघत होतो, जसं काही निकाल लागायचा होता.

"गोड आहे?" त्यानं विचारलं.

"चव तीच आहे हो, वाडग्यातल्यासारखी." ती थोडा वेळ चघळत राहिली. "पण देठावरनं तोडताना बरं वाटतं."

बाबांनी तेवढ्यात अख्खा घड उचलून मांडीवर घेतला होता आणि पोरासारखे खात होते. खाता खाता विचारलं, "आणखी काय राहिलंय गं तुझं?"

"माझं? काही नाही." पण डोळे पाण्याकडे गेले. "ती बोट... एकदा बसावं असं होतं मनात."

"मग बोलायचं नाही का?" भास्करराव म्हणाले.

"बोलले होते. लेक लहान होती तेव्हा. तुम्ही म्हणालात, छाटणी उरकू दे, मग जाऊ."

"मग?"

"छाटणी दर वर्षी असते ना," ती म्हणाली.

राग नव्हता हो त्यात. टोमणाही नव्हता. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं सांगितलं. मला मात्र रडू आवरेना. मी भाकरीचं फडकं तोंडाला लावून दुसरीकडे बघितलं.

बाबांनी बोटवाल्याला हाक मारली. "अरे ए, ने या बाईंना. चांगली लांब ने, त्या डोंगरापर्यंत."

अलकावहिनींनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. मग त्या उठल्या, चपला काठावर काढून ठेवल्या, देवळात जाताना ठेवतात तशा जोडीनं, आणि बोटवाल्याच्या हाताला धरून आत गेल्या. बोट हलली तशा "अगं बाई!" म्हणून हसल्या. इतका वेळ मला वाटलं होतं की त्या पन्नाशीच्या आहेत.

भास्करराव मात्र बाबांच्या पायाशी सरकले. डोळ्यांतून धारा लागलेल्या. पुसायचीही शुद्ध नव्हती त्यांना.

"बाबा, मी मौजमजा सोडली म्हणून मिरवत होतो. माझी कसली? सगळी तिचीच सोडत आलो... तिला न विचारता." त्यांनी बाबांचे पाय धरले. "ती आता मला काय म्हणेल? मला तोंड दाखवायला जागा नाही. त्यापेक्षा मठातच पडून राहतो. घ्या मला पदरात."

बाबा खात राहिले.

"काहीतरी सांगा ना. मठात येऊ? की घरी जाऊ?"

पाण्यावर मोटारीनं एकदा खाकरून दम घेतला. बोटवाला दोरी सोडायला वाकला होता.

"बाबा... मी कुठं जाऊ?"

बाबांनी तोंडातला घास गिळला, हात धोतराला पुसले आणि बोटीकडं बघितलं.

"अख्खी बोट रिकामी आहे, भास्कर. तरी तिनं शेजारी रुमाल टाकून जागा धरलीय... आणि तू मला विचारतोस?"