केतकपूरच्या वेशीवरचे एकशे एक्केचाळीस नियम

केतकपूरच्या राजा चंडवर्म्याने वेशीवरची जकात माफ केली आणि तिसऱ्याच महिन्यात बाजार ओस पडला!

राजाला काही उमजेना. कर नाही, दंड नाही, मग माल येत का नाही? दरबारात विचारायला गेली ती पानमळ्याची म्हाळसा. तिचा मळा वेशीबाहेर, गिऱ्हाईक वेशीच्या आत.

"महाराज, माझी पानं चार दिवस नाक्यावर पडून कुजली. अशीच कुजत राहिली तर मळा मोडावा लागेल."

नाक्याचे मुख्य अधिकारी त्रिंबकपंत ताडकन उठले. "आम्ही एक कवडी घेतली का गं?"

"नाही घेतली, पंत. पान न् पान उजेडात धरून पाहिलंत, तीनदा तोललंत, मग दोरी दोन बोटं आखूड निघाली म्हणून परत पाठवलंत."

"नियम आहे!" पंत अभिमानाने म्हणाले. "जकात गेल्यापासून आम्ही पाच जण स्वस्थ बसलो नाही. रोज एक तरी नियम करतो. जुने धरून आजवर एकशे एक्केचाळीस झाले."

राजाने कौतुकाने मान हलवली. तो हट्टी होता. आपली माणसं चुकतात हे त्याला पटत नसे.

"म्हाळसे, तुला एवढं कळतं ना? मग उद्या सूर्यास्तापर्यंत माझ्या या पाच जणांना शहाणं करून दाखव. उपदेश करायचा नाही. एकही नियम मोडायचा नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर तुझी पानं या वेशीतून कायमची बंद!"

"बरं," म्हाळसा म्हणाली. "उद्या आपण आणि हे पाच जण माझ्याकडे जेवायला या."

दुसऱ्या दिवशी पंगत मांडली वेशीच्या आत आणि चूल पेटवली वेशीच्या बाहेर.

पाट झाले, रांगोळी झाली. राजा बसला, शेजारी पंत, पुढे चौघे. वरणाला दिलेल्या हिंगाच्या फोडणीचा वास आला. वरण मात्र आलं नाही.

"पातळ जिन्नस आहे," म्हाळसा हात जोडून म्हणाली. "गाळ बसेपर्यंत दगडावर ठेवायचा. नियम सत्तावीस."

"भात तरी वाढ!"

"आज बुधवार. पांढरा जिन्नस बुधवारी आत येत नाही. नियम बावन्न. मीठही त्यातच गेलं."

"पुरणपोळ्या?"

"तिसऱ्या तोलात कमी भरल्या, महाराज. दुसऱ्या तोलानंतर शिपायाने एक चाखली होती. पुन्हा पहिल्यापासून तोलताहेत."

ऊन डोक्यावर आलं, मग कललं. राजाचं पोट तेवढं बोललं.

शेवटी पंत ओरडले, "अगं बाई, आण ना आत!"

"कशी आणू? नियम मोडायचा नाही, अशी आज्ञा आहे. एक विचारू का, पंत? आम्ही बायका व्रत धरतो तेव्हा आधी कहाणी ऐकतो: कोणी धरलं, का धरलं. या नियमांची कहाणी काय?"

पंत आठवू लागले. "बुधवारचा नियम... एका बुधवारी तोलणारा सासुरवाडीला गेला होता. कापूस कोणी तोलायचा, असा प्रश्न होता."

"आला का तो परत?"

"दुसऱ्याच दिवशी."

"आणि दोरीचा?"

"एकदा लांब दोरीत माझा पाय अडकला, म्हणून माप ठरवलं."

"पाय बरा आहे ना आता?"

"बरा आहे," पंत हळूच म्हणाले.

मग बाकीचे चौघे आपणहून सांगू लागले. बहुतेक कहाण्या कधीच्या संपल्या होत्या. काहींना कहाणीच नव्हती. "संपला तो नियम! संपला!" म्हणत पंतांनी भात आत घेतला, वरण आलं, पोळ्या आल्या.

"आता वडे तळ!" पंत म्हणाले. "ते तेलाच्या पारखीचंही जाऊ दे!"

"नाही!" म्हाळसा पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली. "पारख्याने तेल पाहिल्याशिवाय तळलेलं काही आत यायचं नाही. सात वर्षांपूर्वी भेसळीच्या तेलाने आमच्या आळीत अठरा माणसं सुजून पडली. माझी जाऊ अजून काठी टेकत चालते. ही कहाणी संपलेली नाही, पंत."

पंत स्वतः उठून पारख्याला बोलावून आले. पारखी आला, त्याने सावकाश तेल पाहिलं, मान डोलावली. तेवढा वेळ सहा भुकेली माणसं हात आवरून बसली. एकानेही कुरकुर केली नाही.

जेवणं झाली. राजाने ढेकर दिला आणि मिशीवर हात फिरवला.

"म्हाळसे, माणसं शहाणी झाली खरी, उपदेशही केला नाहीस. पण हरलीस! एकही नियम मोडायचा नाही, म्हटलं होतं. आज सकाळी एकशे एक्केचाळीस होते. आता उरले किती?"

"नऊ," पंत म्हणाले.

"म्हणजे एकशे बत्तीस मोडले!"

"मोडला एकही नाही, महाराज," म्हाळसा शांतपणे म्हणाली. "व्रत मध्येच टाकलं तर मोडलं म्हणतात. हेतू पुरा झाला, पंगत बसली, चार घास जेवून समाधानाने निरोप दिला, तर त्याला उद्यापन म्हणतात. आज एकशे बत्तीस नियमांचं उद्यापन झालं. नियम आपले म्हणून यजमानही आपणच होतात, आणि तीन वेळा पोळी मागून घेतलीत!"

राजा असा हसला की पाट सरकला!

"माग, काय हवं ते!"

"यापुढे नियम लिहाल तेव्हा खाली त्याची कहाणी लिहा, आणि उद्यापन कधी तेही."

"दिलं! पण हे राज्याला झालं. तुला काय?"

"माझी पानं सकाळची सकाळी बाजारात पोचली, की मला सगळं मिळालं."

राजाने तेही दिलं, वर हिरवंगार लुगडं आणि चांदीचं तबक दिलं. शिवाय हुकूम काढला: नाक्यावर नवा अधिकारी नेमला की पहिल्या दिवशी त्याला म्हाळसाबाईंकडे शिकायला पाठवायचं, आणि उपाशी पाठवायचं!