हाय आणि नाय

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शब्दही साधेच आहेत.

टेकवाडीच्या प्राथमिक शाळेत गाणं, खेळ आणि जपानी यांचे खास वर्ग होते. त्यातला जपानीचा वर्ग बंद करायला संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब स्वतः आले. तिसरीतल्या पारूचा जीव त्याच वर्गात होता, कारण तिच्या बोलण्याला तिथले मोहिते गुरुजी कधी हसत नसत.

"काय गं, डबा आणलास का?" आबासाहेबांनी विचारलं.

"हाय."

"त्यात लाडू आहे का?"

"नाय."

आबासाहेब खो खो हसले. "गुरुजी, हिला धड मराठी येत नाही, ही जपानी काय बोलणार?"

पारूचे डोळे भरले, पण ती खाली बसली नाही. "आबा, जपानीत 'हो'ला हायच म्हणत्यात आन् 'नाही'ला नाय. मी जपानीच बोलत हुते, तुमी मराठी समजलासा."

गुरुजींनी हसून मान डोलावली. आबासाहेब निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या बाकावर येऊन बसले. हजेरीत गुरुजींनी त्यांचंही नाव पुकारलं. आबासाहेबांनी पारूकडे पाहिलं आणि हात वर केला.

"हाय!"