खडतरे वकिलांची खरी स्तुती

"कोण हसलं?" आमदार त्र्यंबकराव खडतरे मंचावरून गरजले.

सत्काराच्या मांडवातल्या सगळ्या माना मागे वळल्या. वक्ता नुकताच म्हणाला होता, "साहेबांनी वकिली केली ती गोरगरिबांना न्याय मिळावा म्हणून!" आणि मागून कुणीतरी खळखळून हसलं होतं.

हसली होती सगुणा. कोर्टाच्या फाटकाशी तिची चहाची टपरी होती, आज मांडवात चहाही तिचाच. खडतरेंची सगळी वकिली तिने तिथून पाहिली होती. आणि काय ती वकिली! युक्तिवादाची वेळ आली की यांचं पोट दुखायचं, मग पुढची तारीख. तारखा संपल्या की हे खटला हरायचे. काळा कोट तेवढा कडक इस्त्रीचा! निम्मा तालुका हरवून झाल्यावर हे निवडणुकीला उभे राहिले. समोरचा उमेदवार यांच्याहून दिव्य निघाला, म्हणून निवडून आले.

"मीच हसले, साहेब," सगुणा म्हणाली. "खोटं ऐकलं की मला हसू आवरत नाही."

"अस्सं! मग ये वर. माझी स्तुती कर, पण सगळी खरी! मांडवातल्या एकानं जरी 'खोटं' म्हटलं, तर उद्या तुझी टपरी उचलायला लावतो!"

मंचावरचे चमचे फिदीफिदी हसले. टपरीवर सगुणाचं घर चालत होतं. समोर पाहावं तर साहेबांचे जुने अशील बसलेले. यांच्यापुढे स्तुती करायची तरी कशाची?

तिने किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि माईक धरला.

"मंडळी, साहेब आमदार झाले, त्या दिवसापासून त्यांचा एकही अशील खटला हरलेला नाही! आहे का खोटं?"

त्र्यंबकरावांनी खूश होऊन मान डोलावली. तेवढ्यात बापू कानडे उठले. साहेबांच्या वकिलीपायी त्यांची विहीर भावकीकडे गेली होती.

"खरं आहे! अगदी खरं!" बापू ओरडले, आणि अख्खा मांडव हसत सुटला.

साहेबांची मान मध्येच थांबली. "अगं, आमदार झाल्यापासून मी कोर्टाची पायरीच चढलो नाही!"

"तेच तर तुमचे उपकार, साहेब! म्हणून सांगते मंडळी, यांना पुन्हा निवडून द्या. पडले, तर परत काळा कोट घालतील!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. चिडावं, तर मतं जाणार! साहेब आधी कसनुसे हसले, मग मात्र त्यांनाही हसू आवरेना. सत्काराची शाल त्यांनी सगुणाच्या खांद्यावर टाकली.

"टपरी तिथेच राहील! आणि प्रचाराचं पहिलं भाषण तुझंच!"

पुढच्या निवडणुकीत साहेब दणक्यात निवडून आले. जुन्या अशिलांनी एकगठ्ठा मतं दिली!