घरटी एक माप तेल

फार जुनी नाही, पण फार उंचावरची ही गोष्ट आहे. डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. तीस घरं, एक देऊळ आणि भोवती काळीभोर जमीन. या गावाला प्रेम करायची भारी हौस. पाहुणा आला की त्याला इतकं वाढायचे, की बिचाऱ्याला पाटावरून उठता यायचं नाही.

गावाची एक रीत होती. पाऊस सरून थंडी पडू लागली की नांगराच्या बैलांना तेल पाजायचं. घरटी एक माप तेल यायचं. जवसाचं, करडईचं, तिळाचं, ज्याच्या घरी जे असेल ते. देवळापुढच्या घंगाळात सगळं एकत्र करायचं आणि बांबूच्या नळीने बैलांना पाजायचं. बैल एक दिवस सुस्त पडायचे आणि दुसऱ्या दिवशी तरतरीत उठायचे. हे सगळं धुळाजी करायचा. चाळीस वर्षं गावाचा नांगर त्यानेच हाकला होता. आणि नांगर हाकणाऱ्याचं शेत सगळ्यांत शेवटी पेरायचं, हीही तिथलीच रीत.

पुढे बैल म्हातारे झाले. गावाने मिळून डिझेलवर चालणारा एक छोटा ट्रॅक्टर आणला. लाल, बुटका, नाकाडा. धुळाजीने त्याचं नाव ठेवलं पाखऱ्या. म्हाताऱ्याने महिनाभरात तो चालवायला शिकून घेतला, आणि वळताना तोंडाने ‘हो हो’ म्हणायची सवय काही सोडली नाही.

ट्रॅक्टर देताना दुकानातल्या माणसाने बजावलं होतं, “पेरणीआधी इंजिनाचं तेल बदला. कोणतं घालायचं ते या पुस्तकात आहे. पुस्तक जपा हो!”

गावाने पुस्तक जपलं. कसं जपलं म्हणता? तांबड्या फडक्यात गुंडाळून देवळात, थेट देवाच्या शेजारी ठेवलं. रोज हळदकुंकू, रोज फूल. उघडलं मात्र कोणीच नाही.

कार्तिक आला. जमिनीत वाफसा आला. वाफसा म्हणजे माती हातात घेतली तर चिकटतही नाही आणि तिचा भुगाही होत नाही, अशी नेमकी ओल. ती सहा दिवस टिकते. तेवढ्यात हरभरा पडला तर पडला, नाहीतर वर्ष कोरडं गेलं. म्हातारे बैल आता गोठ्यातून उठत नव्हते. सगळी भिस्त पाखऱ्यावर होती.

“पाखऱ्याला तेल पाजायचंय!” धुळाजीने हाळी दिली, आणि गाव लोटलं. घरटी एक माप तेल आलं. कोणी मोटारसायकलचं आणलं, कोणी पंपाचं, कोणी माळ्यावर पडलेल्या जुन्या डब्यातलं. पाटील तर गिअरमध्ये घालायचं तेल घेऊन आले. ते इतकं दाट, की डबा उलटा केला तरी खाली यायला तयार नाही.

“बघ धुळाजी, काय दाट आहे! यात खरी ताकद,” पाटील म्हणाले.

“लेकरू जोमात येईल, पाटील!” धुळाजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने घंगाळातलं सगळं मिश्रण ढवळलं, पाखऱ्याच्या पोटातलं जुनं तेल काढलं आणि हे नवं काठोकाठ भरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दात वाजतील अशी थंडी होती. धुळाजीने किल्ली फिरवली. पाखऱ्या धडधडत उठला, पण त्याच्या पोटातून खट खट असा आवाज येऊ लागला. समोर तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा पेटला, तो काही विझेना.

“सुस्तावलाय,” पाटील म्हणाले. “तेल पाजलं की बैल नाही का सुस्तावायचा? हाक तू. वाफसा थांबायचा नाही.”

“हाका, धुळाजीबाबा, हाका!” सगळे ओरडले.

धुळाजीने कान लावला. चाळीस वर्षं मुक्या जनावरांसोबत काढलेला माणूस तो. दमल्याचा आवाज त्याला ठाऊक होता आणि दुखल्याचाही. गाव डोळे लावून बसलंय, दिवस सहाच आहेत, आणि आपलं शेत सगळ्यांत शेवटी आहे, हे सगळं त्याच्या मनात आलं. तरी त्याने इंजिन बंद केलं.

“हा दुखल्याचा आवाज आहे,” तो म्हणाला. “मी नाही हाकणार. राहीला बोलवा.”

राही ही गावची लोहारीण. नवऱ्यामागे भाता तीच चालवायची आणि पंपाची इंजिनंही तीच खोलायची. ती आली, पान्याने इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण काढलं आणि बाजूला सरली.

“या, बघा तुमचं प्रेम कुठवर पोचलंय ते.”

सगळे वाकून पाहू लागले. पोटात काठोकाठ तेल, आणि वरचं लोखंड कोरडं ठणठणीत! राहीने खालची तेलाची चाळणी काढून दाखवली. तिच्यावर डिंकासारखा थर बसला होता.

“एवढं तेल पाजलं, मग गेलं कुठं?” पाटलांनी विचारलं.

“चढलंच नाही, पाटील. आतल्या वाटा काडीएवढ्या आहेत. थंडीत हा चिकटा त्यातून जाणार कसा? अजून तासभर चालवला असता तर इंजिन जाम झालं असतं, मग कायमचा बसला असता. पुस्तक कुठाय याचं?”

शेवटी पुजाऱ्याने देवळाकडे बोट केलं.

राहीने फडकं सोडलं, पानांवरचं कुंकू झटकलं आणि मोठ्याने वाचलं. डिझेल इंजिनाचंच तेल. पंधरा डब्ल्यू चाळीस. थंडीत पातळ राहून लवकर वर चढणारं आणि तापल्यावरही अंग धरून राहणारं. साडेतीन लिटर, तेल मोजायच्या कांडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये. तेलासोबत गाळणीही नवी.

“म्हणजे इतके दिवस हे यातच लिहिलेलं होतं?” धुळाजीने कपाळावर हात मारला. “आणि मी रोज याच्यापुढं उदबत्ती लावत होतो!”

त्याच पावली पुस्तक छातीशी धरून तो डोंगर उतरला. बाजारच्या दुकानात डबेच डबे. सोनेरी, चंदेरी, वाघाचं चित्र असलेले.

“हे घ्या बाबा, सगळ्यांत भारी,” दुकानदार म्हणाला. “शर्यतीच्या मोटारीत घालतात.”

सोनेरी डबा झगमगत होता. पाखऱ्याला सगळ्यांत भारी द्यावं, असं धुळाजीला फार वाटलं. हात पुढे गेलासुद्धा. पण त्याने तो मागे घेतला आणि पुस्तक उघडलं.

“माझा काही शर्यतीत पळत नाही, मालक. तो शेतात राबतो. या पानावर लिहिलंय तेच द्या.”

एकेक अक्षर जुळवून त्याने कोपऱ्यातला एक साधा करडा डबा निवडला, सोबत नवी गाळणी घेतली आणि दिवेलागणीला तो घरी पोचला.

तिसऱ्या दिवशी सकाळी राहीने सगळं धुऊन पुसून साडेतीन लिटर तेल मोजून भरलं. झाकण मात्र लावलं नाही. “आता कोणी बोलू नका,” ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.

इंजिन हळू चालू लागलं. वरचे लोखंडी दांडे खाली-वर नाचू लागले. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग, अहाहा! एका बारीक भोकातून मधाच्या रंगाचा एक थेंब वर आला. मागोमाग दुसरा. बघता बघता प्रत्येक दांड्यावरून सोनेरी ओघळ वाहू लागले, आणि खट खट आवाज आपोआप मऊ होत गेला. समोरचा लाल दिवा विझला.

“दिसतंय का?” राही हलकेच म्हणाली. “आत लोखंडावर लोखंड फिरतंय, मिनिटाला हजार हजार वेळा. आणि कुठंही एकमेकांना शिवत नाही. मध्ये तेलाचा पापुद्रा आहे, कांद्याच्या सालीहून पातळ. तेवढ्यावर सगळा नांगर ओढला जातो.”

पाटलांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. का काढला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बायकांचे हात आपसूक जोडले गेले. धुळाजी तर पापणी न लवता बघत होता. चाळीस वर्षं त्याने ताकद पाहिली होती ती खांद्याची, वशिंडाची. इतक्या पातळ वस्तूत इतकी ताकद असते, हे त्याला आज दिसलं.

“कुणी बनवलं असेल रे हे?” तो पुटपुटला.

मग पाखऱ्या चार दिवस राबला, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. एकोणतीस घरांचा हरभरा पेरून झाला. सहाव्या दिवशी सूर्य कलला तेव्हा धुळाजीने आपल्या शेतात हात घातला. मातीचा भुगा झाला. वाफसा गेला होता. त्याचं शेत तसंच राहिलं.

तो बांधावर बसला.

सुगी आली. गावात घरोघरी हरभऱ्याच्या राशी लागल्या. एके सकाळी धुळाजीने दार उघडलं तर समोर अख्खं गाव उभं! सगळ्यांत पुढे पाटील. आणि नवल म्हणजे, सगळ्यांचे हात रिकामे.

“धुळाजी,” पाटील म्हणाले, “तुझं शेत आमच्यापायी राहिलं. घरटी एक माप तुला द्यायचं ठरलंय. पण आणलं काहीच नाही. आधी विचारायला आलोय. तुला काय हवं?”

धुळाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

“हरभरा नको, पाटील,” तो हसत म्हणाला, आणि हसता हसता रडायला लागला. “ज्वारी द्या. भाकर दुधात कुस्करून खाईन.”

त्या गावात पेरणीआधी आजही सगळे देवळापुढे जमतात. घंगाळ आता पालथं असतं. पुस्तक उघडतात, आणि घरटी एक पान वाचतात.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे त्याला काय हवं ते आधी विचारावं, आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते मग.