डोंगराने अडवलेले फोन

फार पूर्वी, म्हणजे फोन लागला नाही की माणसं डोंगराला शिव्या देत त्या काळी, यसाबाईच्या गोठ्यावर एक पांढरी तबकडी येऊन बसली. तिचं बोलणं थेट आकाशातल्या उपग्रहांशी. ते हजारोंनी फिरत आणि सगळे वेळेवर येत, त्यावरूनच ते कुठल्या कचेरीत नोकरीला नसावेत हे कळे.

"सात वर्षं या म्हातारीच्या लेकाचे फोन अडवलेस," तबकडी समोरच्या डोंगराला म्हणाली. "आता बघ."



यसाबाई फोन मांडीवर घेऊन बसली. "आता गोपाळचा येईल," तिने शेजारच्या पारूला सांगितलं. "लावून लावून थकला असेल बिचारा. मेला डोंगर आडवा यायचा!"

पारूच्या फोनवर दिवसभर मालिका वाजत राहिल्या. यसाबाईचा फोन पंधरा दिवसांत एकदाही वाजला नाही. तबकडी प्रत्येक उपग्रहाला विचारी, "यसाबाईसाठी काही?" तो नाही म्हणून पुढे जाई.

शेवटी तिने डोंगराला विचारलं, "मग तू अडवत काय होतास?"

"काहीच नाही," डोंगर म्हणाला. "कुणी लावलेच नव्हते. पण शिव्या खायला कुणीतरी हवं होतं."

दुसऱ्या दिवशी यसाबाई शिडीने गोठ्यावर चढली आणि तिने तबकडीवर लोखंडी घमेलं पालथं घातलं.

"अगं, रेंज गेली की!" पारू खालून ओरडली.

"जाऊ दे," यसाबाई म्हणाली. "गोपाळ तिकडून लावतच असेल."

घमेल्याखाली तबकडीला उपग्रह डोक्यावरून जाताना कळत होते. तिने एकालाही हाक मारली नाही.