परक्या हातची भाकर

एकदा एक उपाशी माणूस एका भरल्या घराच्या दारात येऊन बसला. घरात भाकरी भरपूर होत्या, वाढणारे हात उदार होते, आणि तरीही तो भुकेने मरायला टेकला होता.

गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची, यहुदी मुलखातल्या यरीहो शहराच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातली. आधीच सांगतो, ती कुठल्या जुन्या ग्रंथात सापडायची नाही. ती मी रचली आहे. तिच्यातली शपथ मात्र माझी नव्हे. एसेनी नावाचा एक प्राचीन यहुदी पंथ होता. पांढरी वस्त्रे, थंड पाण्याचे स्नान, सर्वांची मालमत्ता एकत्र आणि बाहेरच्याला मज्जाव असलेली, मुकाट्याने चालणारी एकच पंगत, अशी त्यांची राहणी. पंथात येताना माणूस कडक शपथ घेई. एक जुना इतिहासकार लिहितो, की पंथाने एखाद्याला हाकलून दिले तरी ती शपथ त्याला सोडत नसे. परक्याचे अन्न त्याला वर्ज्यच राही. मग तो गवत खाऊन झिजत जाई.

दारात बसलेला शमाया असाच हाकललेला होता. पंथाच्या सभेत तो वडीलधाऱ्यांना उलट बोलला आणि माफी मागायला तयार होईना, एवढाच त्याचा अपराध. घर होते येशूच्या नव्या वाटेने जाणाऱ्या मंडळींचे. तीही एकत्र जेवत, माझे-तुझे करीत नसत. त्यांच्यात एक ज्ञानी वृद्ध होते, आणि त्यांचा चाळिशीतला, तापट पण मनाने लोण्याहून मऊ असा एक शिष्य होता.

शिष्याने तीन दिवस शमायाच्या विनवण्या केल्या. चौथ्या सकाळी त्याचा धीर सुटला. भाकरीची टोपली शमायाच्या नाकासमोर धरून तो म्हणाला, “अहो, डोळे मिटून दोन घास घ्या! कोण बघतंय इथे?”

“मी बघतोय,” शमाया म्हणाला. त्याला तेवढेच बोलता आले.

तेवढ्यात वृद्ध बाहेर आले. त्यांनी शिष्याच्या हातातली टोपली घेतली, आत नेऊन ठेवली आणि दाराला कडी घातली. मग काठी उचलून म्हणाले, “चल माझ्याबरोबर.”

वाटेत शिष्य नुसता धुमसत होता. “बाबा, तो माणूस उद्याची सकाळ बघायचा नाही! आणि तुम्ही त्याच्या तोंडासमोरची भाकर उचललीत? हीच का आपली दया?”

“पाय उचल,” वृद्ध म्हणाले.

दोन तासांनी ते एसेनींच्या वस्तीपाशी पोहोचले. फाटकात पांढऱ्या वस्त्रातला कारभारी उभा होता. वृद्धांना पाहताच त्याचा चेहरा कठोर झाला.

“तू? वीस वर्षांपूर्वी आम्हाला सोडून गेलास, आता कशाला आलास?”

शिष्य चमकला. आपले गुरू कधीकाळी याच पंगतीत बसत होते, हे त्याला आजवर ठाऊक नव्हते.

“एक भाकर दे,” वृद्ध म्हणाले.

“का? तुमच्या संपल्या?”

“आमच्याकडे ढीग आहे. शमायाला चालत नाही.”

कारभाऱ्याने हळूच विचारले, “जिवंत आहे अजून?”

“गवत खात होता. आता तेही गिळवत नाही.”

“आणि शपथ?”

“मोडली नाही.”

कारभाऱ्याने तोंड फिरवले आणि तो आत निघून गेला. ऊन डोक्यावर आले. शिष्याला वाटले, संपले, नकार मिळाला. पण बऱ्याच वेळाने फाटक उघडले. कारभाऱ्याच्या एका हातात फडक्यात बांधलेली भाकर होती आणि दुसऱ्या हातात गाढवाचा दोर.

“सभा बसवली. म्हणाले, घेऊन ये त्याला,” कारभारी म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम ओला झाला. “अरे, पंगतीत त्याच्या जागेवर कोणी बसतच नव्हतं. प्रत्येक जण वाट बघत होता, दुसरा कोणी विषय काढेल म्हणून.”

तिघे खेड्यात परतले. शमाया होता तिथेच, भिंतीला टेकून बसला होता. कारभारी त्याच्याजवळ मातीत बसला, भाकरीवर उजवा हात धरला, आशीर्वाद म्हटला, भाकर मोडली आणि पहिला तुकडा पाण्यात भिजवून त्याच्या ओठांना लावला. शमायाने तो खाल्ला. शिष्याला इतके हायसे वाटले, की तो लहान मुलासारखा रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

डोळे पुसताना त्याच्या लक्षात आले, की कारभाऱ्याचा तो हात, तो आशीर्वाद, तो क्रम, हे सारे तो रोज संध्याकाळी आपल्याच घरात पाहत आला होता.

“बाबा,” त्याने हळूच विचारले, “हे आपण यांच्याकडून घेतलं?”

वृद्ध म्हणाले, “काही मी येताना माझ्याबरोबर आलं असेल. काही दोघांनीही आपापल्या आज्यापणज्यांकडून घेतलं असेल. नेमकं कुठलं काय, ते मलाही सांगता यायचं नाही. पुढचे विद्वान त्यावर खुशाल भांडोत. मला एवढं पक्कं माहीत आहे, की दिलेला शब्द पाळायला मी यांच्या पंगतीत शिकलो. मग यांच्याच माणसाला शब्द मोडायला मी कोणत्या तोंडाने सांगू? भाकरीच्या वासाने त्याचे हाल होत होते, म्हणून टोपली आत नेली. त्याला भाकर हवीच होती रे, पण त्याच्या लोकांची. ती मागायला कोणी तरी जायला हवं होतं, आणि मला ती वाट ठाऊक होती.”

वीस वर्षांनी त्या फाटकात उभे राहणे गुरूंना किती जड गेले असेल, हे शिष्याला आता उमगले.

इतक्यात शमायाने उरलेल्या भाकरीचा एक तुकडा मोडला आणि वृद्धांपुढे धरला. पंथ सोडून गेलेल्याला पंथाची भाकर! शिष्याने धास्तावून कारभाऱ्याकडे पाहिले.

कारभारी उठला. “गाढवाचा पट्टा सैल झालाय वाटतं,” असे पुटपुटत तो त्यांच्याकडे पाठ करून गाढवापाशी गेला. पट्टा घट्टच होता. वृद्धांचा घास संपेपर्यंत तो सावकाश पट्टा सोडत आणि पुन्हा बांधत राहिला.